फोटोबाहेरची बाई

सोलापूरहून परतून बरेच दिवस झाले. "राग शांत झाला की मग लिही," असं माझी बहीण म्हणाली होती. मी वाट पाहिली. राग काही शांत झाला नाही. उलट गेल्या आठवड्यात त्याला नवं कारण मिळालं. तेव्हा आता आहे तशीच लिहायला बसले आहे. हे प्रवासवर्णन म्हणून वाचायला घेतलंत तर त्यात कडक भाकरी मिळेल, ऊस दिसेल, उजनीचं पाणीही दिसेल. पण माझी नजर तिथे फार वेळ ठरली नाही हे आधीच सांगून ठेवते.

मी नागपूरला राहते आणि गेली कित्येक वर्षं सिनेमावर लिहिते. सोलापुरात एक छोटा चित्रपट महोत्सव भरणार होता. त्यासाठी मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं, शिवाय एक व्याख्यानही द्यायचं होतं. विषय मीच सुचवला होता: सिनेमातला मालक आणि सिनेमातला गुलाम. आयोजकांनी पत्रिकेवर त्याचं 'धनी आणि गडी' केलं. "गुलाम जरा कडक वाटतं हो, ताई," असं फोनवर म्हणाले. रागाची पहिली ठिणगी तिथेच पडली होती, पण तिकीट काढून झालं होतं.

सोलापूर

फेब्रुवारी संपत आला होता. उन्हाचं कौतुक नागपूरच्या माणसाला कुणी सांगू नये, पण सोलापूरचं ऊन वेगळं आहे. आमचं ऊन डोक्यावर बसतं, इथलं कोरडं ऊन थेट घशात उतरतं. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "किधर कू जाना, म्याडम? नागपूर से आये? संतरे नई लाये क्या हमारे वास्ते?" मी म्हटलं, चादर दे, मग संत्री देते. त्यावर तो इतका हसला की वळण चुकला आणि मला अर्धं शहर दाखवून हॉलवर घेऊन गेला. जास्तीचे पैसे मात्र घेतले नाहीत.

जेवणाला कडक भाकरी होती. आमच्याकडे भाकरी कडक झाली तर सुनेला ऐकून घ्यावं लागतं, इथे मुद्दाम कडक करून चळत रचून ठेवतात आणि पापडासारखी मोडून खातात. सोबत शेंगाचटणी आणि दही. वाढणारा मुलगा मालकाशी तेलुगूत बोलत होता, शेजारच्या टेबलाशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत, आणि तिन्ही भाषांत एकच विचारत होता, अजून चटणी वाढू का. मी दोनदा हो म्हटलं. त्या दिवशी मनासारखं झालेलं तेवढंच.

व्याख्यानात मी जे बोलले ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. सिनेमा कुठल्याही देशाचा असो, त्यातल्या गुलामाला दोनच कामं असतात, रडणं आणि मरणं. मालक वाईट असला तर शेजारी एक चांगला मालक ठेवलेला असतो, म्हणजे बघणाऱ्याला बसायला जागा मिळते. गुलामाला घरदार नसतं. बायको नसते, पोर असलंच तर ते मालकाच्या पोराला खेळवण्यापुरतं. आपल्या सिनेमातला म्हातारा गडी बघा. खांद्यावर पंचा, डोळ्यांत पाणी, आणि झोपायला कुठे जातो ते कुणी दाखवत नाही. तो मालकाकडे बघतो तेव्हा कॅमेरा मालकाच्या खांद्यामागे उभा असतो. म्हणून आपण सगळे दोन तास मालक होऊन बसतो आणि बाहेर येऊन म्हणतो, काय माया होती हो!

टाळ्या पडल्या. लोक मनापासून ऐकत होते. मग दिवे मालवले आणि स्पर्धेतला सिनेमा सुरू झाला: 'पायरीवरचा देव'.

मी दोन तासांत ज्या ज्या गोष्टींची टवाळी केली होती त्या सगळ्या त्यात होत्या, आणि सुंदर प्रकाशात चित्रित केलेल्या होत्या. करमाळ्याकडचा एक वाडा. त्यातला नामा नावाचा सालगडी. आमच्या विदर्भात त्याला सालदार म्हणतात, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. पाडव्याला साल संपतं, पाडव्याला नवं सुरू होतं. हा नामा वाड्याच्या पायरीवर बसतो, वर कधी चढत नाही. मालकीणबाई बेंदराच्या दिवशी (आमच्याकडचा पोळा) त्याला स्वतःच्या हाताने पुरणपोळी भरवतात, म्हणजे बैलांना भरवून झाल्यावर. शेवटी मालकाचा लहान नातू धरणाच्या पाण्यात पडतो, नामा त्याला वाचवतो आणि मालकाच्या पायांवर डोकं ठेवून प्राण सोडतो. बासरी वाजते. मग खऱ्या नामाचा काळा-पांढरा फोटो, त्याला झेंडूचा हार, खाली 'सत्यकथेवर आधारित' आणि 'विनम्र आदरांजली'.

माझ्या पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. मी फोटोकडे बघत होते. मुंडासं बांधलेला, तरणाबांड, सजवलेल्या बैलाची वेसण धरून उभा असलेला माणूस. बैलाच्या पाठीवर आणखी एक हात होता, बांगड्या भरलेला. फोटोच्या कडेने तो मनगटाशी कापला होता. त्या हाताची बाई फोटोत नव्हती.

दिग्दर्शक रंगमंचावर आला. हर्षवर्धन त्याचं नाव, त्याच वाड्याचा नातू, पुण्यात शिकलेला, गोड बोलणारा. म्हणाला, "गावातलीच माणसं घेतली आम्ही. पंचायतीच्या सीनला खुर्च्या मांडल्या होत्या, म्हटलं बसा कुठंही. तर सगळे आपोआप जमिनीवर बसले! इतकं नॅचरल! मी तसंच शूट केलं."

सभागृह कौतुकाने हसलं. खुर्च्या मोकळ्या ठेवून माणसं जमिनीवर का बसली, हा प्रश्न त्याला पडला नाही, सभागृहाला पडला नाही, आणि माझ्या शेजारच्या दोघा परीक्षकांनी तर वहीत 'अस्सल' असं लिहिलं.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. पस्तिशी-चाळिशीची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात बूट. ड्यूटीवरून थेट आली होती हे दिसत होतं. तिने माईकची वाट पाहिली नाही.

"त्यो फोटो माझ्या वडलांचा हाय," ती म्हणाली. "मी सुनंदा. माझे वडील जित्ते हायत."

कुणालाच काही कळेना. मग कुणीतरी टाळी वाजवली. बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. हो, टाळ्या! हर्षवर्धनने छातीवर हात ठेवला. "काय सांगता? नामातात्या आहेत? कुठं आहेत? आपण त्यांना उद्याच इथं स्टेजवर आणू!"

"न्हाय आणायचं. फोटो पायजे. पुरा फोटो. त्यात माझी आई हाय."

टाळ्या थांबल्या.

चिंचोळी

महोत्सवाच्या लोकांनी तिला चहाला बाजूला नेलं. मीही गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. तिथे तिने जे सांगितलं ते असं.

सुनंदा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलच्या शिलाईवर काम करते. सिनेमाची जाहिरात मोबाइलवर फिरायला लागली, हारासकट. ती बघून बार्शीची आत्या सगळ्या भावकीसह एसटीने रडत आली. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून नातेवाईक जेवण घेऊन जातात, तसं पिठलं-भाकरीचं गाठोडं घेऊन आली. दारात तिचे वडील, नामदेवअण्णा, खाटेवर बसले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आत्या बेसुद पडायची राहिली. अण्णांनी गाठुडं सोडलं, म्हनले, आता आणलंच हाय तर खाऊ की. स्वताच्या मौतीचं पिठलं खाल्लं त्यांनी. दोन भाकऱ्या खाल्ल्या."

ती हसली नाही. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

सिनेमातला नामा मालकाच्या पायांवर मेला. खरा नामा पाडव्याला सकाळी उठला, लहान सुनंदाला खांद्यावर घेतलं आणि कुणालाही न सांगता त्या घरातून चालता झाला. त्याआधीच्या पावसाळ्यात त्याची बायको तापाने गेली होती. मालकाकडे जीप होती, पण तिला दवाखान्यात न्यायचं त्या दिवशी ती पाहुण्यांना आणायला गेली होती. साल मोडून मधेच निघता येत नव्हतं, म्हणून तो पाडव्यापर्यंत थांबला. हे काही सिनेमात नव्हतं. सिनेमात त्याला बायकोच नव्हती.

"आईला मी बगितलेलंच न्हाय, ताई. म्हंजे बगितलं आसंल, पन आठवत न्हाय," सुनंदा म्हणाली. "अण्णा लहानपणापासनं सांगायचे, तुज्या आईचा एक फोटू हाय, मालकाच्या घरात. बेंदराला काढल्याला. कवातरी आणू. ते काय तिकडं गेले न्हायत, आन मला बी जाऊ दिलं न्हाय. आन आता मोबाइलवर त्यो फोटू आला आन तिला कापलीया."

हर्षवर्धन खरोखर ओशाळला, हे मान्य करते. म्हणाला, मूळ फोटो गावच्या घरी भिंतीवर आहे, त्याने फक्त हवा तेवढा भाग मोबाइलवर टिपला होता. मी विचारलं, "आणि ते वारले असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तसं कुणी नाही... घरात विषय निघायचा नाही फारसा. इतकी वर्षं झाली म्हणजे गेलेच असतील असं आम्ही धरून चाललो. आणि मॅडम, स्टोरीला एंडिंग लागतो ना."

चिंचोळी ते त्याचं गाव, मोटारीने एका सकाळचं अंतर. ज्याच्यावर सिनेमा काढला, ज्याला देव म्हणून पायरीवर बसवला, तो जिवंत आहे की मेला हे विचारायला कुणी साधा फोन केला नाही. फोटोला हार घालायला मात्र माणूस ठेवला होता. मी हे त्याला तोंडावर बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुमचा राग मी समजू शकतो." ही माणसं आपला रागसुद्धा समजून घेतात, त्यामुळे आपल्या हातात काही राहत नाही.

ठरलं असं की दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीने सुनंदाला गावी नेईल आणि फोटो देईल. सुनंदा माझ्याकडे वळली. "ताई, तुमी चला की माझ्यासंगं." मी लगेच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चिंचोळीत तिच्या खोलीपुढे गाडी थांबली तर म्हातारे नामदेवअण्णा धुतलेली टोपी घालून तयार. उंच, वाकलेले, डोळे मात्र तल्लख. सुनंदा म्हणाली, "तुमी कशाला अण्णा? फोटू आणतो की आमी."

"तिला वळखणार कोण तितं?" म्हातारा म्हणाला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

करमाळ्याच्या वाटेवर

आमच्याबरोबर सिनेमाचा कॅमेरामनही आला होता. "आठवण म्हणून थोडं टिपून ठेवतो," असं हर्षवर्धन म्हणाला. सुनंदा म्हणाली, "आमचं काय टिपू नका." तो म्हणाला, "बरं." हे 'बरं' लक्षात ठेवा.

मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेली. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. आमच्या कापसाच्या मुलखातून आलेल्या माणसाला एवढं पाणी आणि एवढा ऊस बघून नवल वाटतं. उजनीच्या फुगवट्याकडे बोट दाखवून हर्षवर्धन म्हणाला, "तो बुडण्याचा सीन आम्ही इथंच केला." नामदेवअण्णांनी मान वळवून पाणी बघितलं.

"म्या कुणाला काडलं म्हनं पान्यातनं?"

"मला, तात्या. म्हणजे सिनेमात."

"आसं व्हय," म्हातारा म्हणाला. "मला पवायला येत न्हाय."

गाडीत फक्त मीच मोठ्याने हसले.

वाटेत एका टपरीवर भजी खाल्ली. तिथे चाक पंक्चर असल्याचं लक्षात आलं आणि ते निघेपर्यंत आम्ही एका बाभळीखाली बसलो. मी अण्णांना विचारलं, सिनेमात मालकीणबाई तुम्हाला पोळी भरवतात, तसं व्हायचं का? त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "बैलाला भरवायच्या. बैल काय समदी खातोय का? उरल्याली मला मिळायची. गोडच आसायची की." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, तो सगळा माझ्याच तोंडात जमा झाला होता.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. खरा वाडा केव्हाच पाडून तिथे बंगला झाला आहे, सिनेमासाठी दुसऱ्याच गावचा वाडा भाड्याने घेतला होता. बंगल्याला चकचकीत फरशी, पण पायऱ्या जुन्याच दगडाच्या. वरच्या पायरीवर हर्षवर्धनचे आजोबा आबासाहेब काठी टेकून उभे होते. त्यांना फोनवर कळवलेलं होतं.

"आरं नामा! तू हायेस व्हय लेका!"

म्हातारे मालक भराभर पायऱ्या उतरून आले, पडतात की काय असं वाटलं, आणि त्यांनी नामदेवअण्णांना मिठी मारली. रडले. खरं रडले, खोटं नव्हतं ते. मला खोटं असतं तर बरं वाटलं असतं. "आमचा नामा," ते सगळ्यांना सांगत होते, "आमचा नामा म्हंजे माणूस न्हवं, सोनं. घरच्यावानी हुता आमच्या." नामदेवअण्णा मिठीत ताठ उभे होते. दोन्ही हात खाली सोडलेले. सुनंदा त्यांच्या शेजारी, वडील पडू नयेत म्हणून त्यांचा दंड धरून.

मी मागे बघितलं. कॅमेरामन गाडीच्या आडून चित्रण करत होता. मी ओरडले, "बंद करा ते!" त्याने हात खाली घेतला.

आम्हाला आत बोलावलं. अण्णा वर आले नाहीत, पायरीवरही बसले नाहीत. अंगणात निंबाखाली उभे राहिले. "मी हितंच बरा," म्हणाले. सुनंदा बूट घालूनच पायऱ्या चढली.

चहा आला. घरच्या सूनबाईंच्या हातातल्या ताटात आमच्यासाठी चिनी मातीचे कप होते आणि दोन कागदी. मी कागदी उचलला. त्या घाईने म्हणाल्या, "अहो, तो नाही तुमचा!" मग स्वतःच्याच वाक्याने लाल झाल्या. "नवे आहेत ते, एकदम स्वच्छ," असं पुटपुटल्या. पूर्वी घरांतून वेगळं भांडं असायचं, ते धुवून वेगळं ठेवायची मेहनत तरी होती. आता ते वापरून फेकून देता येतं. सुनंदाने दुसरा कागदी कप उचलला आणि तसाच खिडकीत ठेवून दिला.

"आबासाहेब, माझ्या आईचा फोटो," ती म्हणाली.

"हाय की. हाय की पोरी. बेंदराचा ना? म्याच काडला हुता, नवा कॅमेरा आणल्याला मुंबैहून." म्हातारे खुशीत आले. भिंतीवरच्या फ्रेमकडे काठी रोखून सांगायला लागले, "ह्यो हौश्या. लई गुणाचा बैल. आन पल्याडचं शिंग दिसतंय न्हवं, त्यो गुलब्या. गुलब्या मारका हुता, पन नामाचं ऐकायचा. आन ही तुजी आई. तिचं नाव... काय बरं नाव हुतं तिचं?"

त्यांनी काठी खाली टेकवून कपाळ चोळलं.

"तोंडावर हाय बग. आरं नामा," त्यांनी खिडकीतून हाक मारली, "बायकूचं काय रं नाव तुझ्या?"

अंगणातून उत्तर आलं नाही. हर्षवर्धन खुर्चीवर चढून फ्रेम काढत होता. त्याने ती पुसून सुनंदाच्या हातात दिली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं.

पुरा फोटो होता. मुंडाशातला तरणा नामदेव. मधे हौश्या, शिंगांना बेगड, अंगावर झूल. बैलाच्या पाठीवर बांगड्यांचा हात, आणि त्या हाताची बाई. नऊवारी लुगडं, अनवाणी, सडपातळ. पदर डोक्यावरून खाली ओढलेला, अगदी हनुवटीच्या खालपर्यंत. तोंडाच्या जागी नुसतं कापड.

सुनंदा बघत राहिली. बोटाने काच पुसली, जणू पदर धुळीचा होता. मग फ्रेम घेऊन अंगणात गेली. आम्ही मागोमाग.

"अण्णा, हिचं त्वांड?"

म्हाताऱ्याने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ घेतला. त्यालाही आठवत नसावं की फोटो असा आहे. इतकी वर्षं त्याच्या मनातल्या फोटोत ती उघड्या तोंडाने उभी असणार.

"धनी फुडं हुता," तो शेवटी म्हणाला. "धन्याफुडं पदर वढायची रीत हुती. तिनं वढला."

सुनंदा आबासाहेबांकडे वळली. ते पुन्हा वरच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते.

"तुमी काढला म्हनला न्हवं फोटो? मग एकदा म्हनायचं हुतं की तिला, पदर वर घे."

आबासाहेब गोंधळले. त्यांना प्रश्नच समजला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "आगं पोरी, म्या बैलाचा फोटू काडत हुतो," ते म्हणाले.

हर्षवर्धन माझ्या कानाशी आला. अगदी हळू, भारावलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, काय इमेज आहे! चेहरा नसलेली बाई. हाच एंडिंग पाहिजे होता."

मी त्याला काय बोलले ते इथे छापता येणार नाही. सोलापुरात शिकलेल्या काही शब्दांचा त्यात समावेश होता. सूनबाई कानावर हात ठेवून आत गेल्या. मला त्याचा काडीइतका पश्चात्ताप नाही.

परत

फोटो सुनंदाने आणला. फ्रेम तिथेच काढून पायरीवर ठेवली, त्यांची वस्तू त्यांना. आम्ही हर्षवर्धनच्या गाडीने परतलो नाही. करमाळ्याच्या स्टँडवरून एसटी धरली. मागच्या बाकावर तिघं, फोटो सुनंदाच्या ओढणीत गुंडाळलेला.

जेऊर मागे पडलं तसं सुनंदाने ओढणीची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "अण्णा, आता तुमीच सांगा की कशी हुती."

"कशी म्हंजे," अण्णा म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले. "हनवटीला गोंदान हुतं. लई हसायची. कुटं बी हसायची, पन आवाज न्हाय, नुसतं खांदं हलायचं. वाड्यात तर समदा वेळ पदरच. म्या सुदीक दिसाउजेडी तिला धड कवा बगितली न्हाय, सुनंदे."

नागपूरला आल्यावर मी परीक्षकाचा अभिप्राय पाठवला, एकाही गुणाशिवाय. दुसरे दोघे परीक्षक मला म्हणाले, आपण कलाकृती बघायची असते, बाकीचं नाही. 'पायरीवरचा देव'ला पहिलं पारितोषिक मिळालं.

गेल्या आठवड्यात तो सिनेमा मोबाइलवर बघायला मिळू लागला. मी तो पुन्हा पाहिला, शेवटापर्यंत. हार काढला आहे. फोटोही काढला आहे. त्याजागी आता खरं चित्रण आहे: दगडी पायऱ्या, वरून उतरून येणारे म्हातारे मालक, मिठी, अश्रू, बासरी. 'आणि नामा परत आला', अशी अक्षरं उमटतात. मिठीतल्या नामाचे दोन्ही हात खाली सोडलेले आहेत, पण तिकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. चौकटीच्या कडेला त्याच्या दंडावर एक हात दिसतो. मनगटाशी कापलेला. त्या हाताची बाई चित्रात नाही. फोटो मागणारी, प्रश्न विचारणारी बाई त्यात नाहीच, चित्र त्याआधीच संपतं.

मी सुनंदाला फोन केला. कारखान्यात जेवणाची सुट्टी चालू होती, मागे मशिनींचा आवाज नव्हता. तिनेही पाहिलं होतं.

"माझा बी हातच घेतला की, ताई," ती म्हणाली.

मी म्हटलं, तक्रार करू, वकील बघू, मी ओळखीचा देते. ती म्हणाली, ते करूच. पण तुमी लिवता न्हवं? मग आदी लिवा. मी विचारलं, तुझं नाव घालू का? "घाला की. आन आईचं बी घाला. त्या म्हाताऱ्याला बैलांची नावं आठवत्यात."

आबासाहेब, तुम्ही खिडकीतून विचारलं होतंत, अंगणातून उत्तर आलं नव्हतं. तिचं नाव गजरा होतं.